बुकिंगचे ३ लाख भरण्याआधी

प्रश्न: मी ५४ वर्षांचा, मुलुंडला राहतो, सहकारी बँकेत नोकरीला आहे. मुलगी २६ वर्षांची, अकराव्या वर्षापासून टाइप १ डायबिटीस. साखर सतत मोजणारा सेन्सर ती लावायची; सेन्सर परवडेना म्हणून दिवाळीनंतर बंद केला. हल्लीच दोनदा लोकलमध्ये साखर उतरून ती कोसळली. एका सेंटरने ‘स्टेम सेलपासून आयलेट सेल ट्रान्सप्लांट’चं २२ लाखांचं पॅकेज सांगितलंय. मेडिक्लेममध्ये बसेल असं तिथला माणूस तोंडी म्हणतो. महिनाअखेर ३ लाख बुकिंग भरायचं, ते परत मिळणार नाही. १४ लाखांची एफडी मोडून उरलेल्या ८ लाखांसाठी घरावर कर्ज काढावं असं वाटतं. पीपीएफचे ९ लाख वेगळे आहेत. कोटेशन आणि तिचे रिपोर्ट जोडले आहेत. काय करू?

उत्तर: बुकिंगचे पैसे भरू नका. लेक गाडीत कोसळल्याचा फोन आला की बापाला एफडी दिसत नाही, हे मी समजू शकतो. म्हणूनच हा निर्णय महिनाअखेरच्या तारखेवर सोडायचा नाही.

आधी एक साधा प्रश्न सेंटरला विचारा: इन्सुलिन बनवणाऱ्या या आयलेट पेशी येणार कुठून? मृत दात्याच्या स्वादुपिंडातून येणार असतील, तर मुंबईत त्या अवयवाचं वाटप झेडटीसीसी या अवयववाटप पाहणाऱ्या संस्थेच्या यादीप्रमाणे होतं, आणि दाता कधी मिळेल हे कुणालाच आधी सांगता येत नाही. मग महिनाअखेरची घाई कसली? पेशी स्टेम सेलपासून, म्हणजे इतर पेशींत रूपांतर होऊ शकणाऱ्या मूळ पेशींपासून, प्रयोगशाळेत तयार होणार असतील, तर आपल्याकडे तो अजून संशोधनाचा भाग आहे. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार डायबिटीससाठी स्टेम सेल फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच देता येतात, आणि ट्रायलमधल्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. ट्रायल असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीचा नंबर लेखी मागा. दोन्हींपैकी कुठल्याही वाटेने गेलं तरी परत न मिळणाऱ्या ३ लाखांची पावती बसत नाही.

उपचार खोटा आहे असं मी म्हणत नाही. अमेरिकेत जून २०२३मध्ये लँटिड्रा नावाच्या, दात्याच्या आयलेट पेशी वापरणाऱ्या उपचाराला मंजुरी मिळाली. तीही सगळ्यांसाठी नाही. टाइप १च्या ज्या प्रौढांची साखर वारंवार गंभीरपणे उतरते आणि म्हणून एचबीएवनसी (रक्तातली सरासरी साखर) आटोक्यात आणता येत नाही, त्यांच्यासाठी. पेशी यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल व्हेनमधून सोडतात. अभ्यासातल्या ३० जणांपैकी २१ जणांना वर्षभर किंवा जास्त काळ इन्सुलिन लागलं नाही, त्यातल्या १० जणांना पाच वर्षांहून अधिक. पाच जणांना मात्र एकही दिवस इन्सुलिनविना काढता आला नाही. स्टेम सेलपासून केलेल्या आयलेटचे २०२५मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्षही आशादायक आहेत: पूर्ण डोस मिळालेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षाने इन्सुलिनमुक्त होते. पण शरीराने पेशी नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं त्यांनाही घ्यावी लागतात.

आणि खरा खर्च तिथेच आहे. तुमच्या कोटेशनच्या दुसऱ्या पानावर तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आहे: ‘इम्युनोसप्रेसंट औषधे व फॉलोअप तपासण्या पॅकेजमध्ये समाविष्ट नाहीत.’ टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारख्या या गोळ्या पेशी काम करताहेत तोवर रोज घ्यायच्या, शिवाय रक्तातली त्यांची पातळी तपासत राहायची. उदाहरणापुरते महिन्याला १५ हजार धरले आणि दरवर्षी ८ टक्के वाढ धरली, तर दहा वर्षांत सुमारे २६ लाख होतात, म्हणजे पॅकेजहून जास्त. त्यात ८ लाखांच्या कर्जाचा हप्ता: १० टक्क्यांनी, निवृत्तीपर्यंतच्या सहा वर्षांत फेडायचं तर महिना १४,८०० रुपये. म्हणजे घरातून दरमहा ३० हजार जाणार, आणि पाठीशी एफडीही नसणार.

मेडिक्लेममध्ये बसेल असं तिथल्या माणसाने तोंडी सांगितलंय ना? सिद्ध न झालेले उपचार ही पॉलिसीत प्रमाणित वगळणूक असते. स्टेम सेलचा समावेश सहसा रक्ताच्या आजारांतल्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटपुरता असतो. विमा कंपनीचं लेखी उत्तर हातात आल्याशिवाय तो आकडा हिशेबात धरू नका. करसवलतीचं म्हणाल, तर ठरावीक गंभीर आजारांच्याच उपचारखर्चावर वजावट मिळते, आणि त्या यादीत डायबिटीस नाही.

आता रिपोर्ट. मी डॉक्टर नाही, पण यातली प्रत्येक तपासणी पुढच्या एकेका खर्चाचा निर्णय करते, म्हणून त्या वाचता यायला हव्यात. तुम्ही पाठवलेल्यांत एचबीएवनसी ८.९ आहे आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन दोन वर्षांपूर्वीचं. एवढ्यावर कुणी ट्रान्सप्लांटचं कोटेशन दिलं, याचंच मला नवल वाटतं. एचबीएवनसी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी; रात्री साखर किती वेळा ५४च्या खाली, म्हणजे धोक्याच्या पातळीला, गेली हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी सेन्सरचा रिपोर्ट लागतो. साखर उतरताना तिला घाम, थरथर जाणवते की थेट भोवळच येते, हे क्लार्क स्कोअरच्या प्रश्नावलीतून समजतं. ४ किंवा अधिक आलं तर तिची जाणीव बोथट झालीय. सी-पेप्टाइडवरून शरीर स्वतःचं इन्सुलिन कितपत बनवतंय ते दिसतं. पंधरा वर्षांच्या टाइप १मध्ये ते सहसा नगण्य असतं. चांगलं आलं तर आधी निदानच पुन्हा तपासायला हवं.

मूत्रपिंडाबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. टॅक्रोलिमस मूत्रपिंडांना जड जातं. त्यामुळे ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळतं त्याचा अंदाज) आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ताजं हवं. हे गुणोत्तर ३०च्या वर असेल तर किडनी आधीच तक्रार करतेय. पीआरए ही तपासणी इतरांच्या पेशींविरुद्ध रक्तात किती अँटिबॉडी आहेत ते सांगते. आयलेट ट्रान्सप्लांट फसलं तर त्या वाढू शकतात, आणि पुढे कधी किडनी बदलायची वेळ आली तर जुळणारा दाता मिळणं अवघड होतं. टीबी, हिपॅटायटिस, सीएमव्ही (एक विषाणू) या तपासण्याही लागतातच, कारण प्रतिकारशक्ती दाबली की दबलेला संसर्ग उसळतो. आणखी एक गोष्ट तिच्याशी, तिच्या आईसमोर का होईना, मोकळेपणाने बोला: मायकोफेनोलेटमुळे गर्भाला इजा होऊ शकते. तिला पुढे मूल हवं असेल तर हे आज माहीत असायला हवं.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी बराच वेळ अडलो. ‘सेन्सर परवडेना म्हणून दिवाळीनंतर बंद केला.’ लोकलमधले दोन्ही प्रसंग त्यानंतरचे आहेत. एक सेन्सर १४ दिवस चालतो, वर्षाला २६ लागतात. तुमच्या केमिस्टचा भाव त्याला गुणून बघा. १४ लाखांच्या एफडीवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ९१ हजार व्याज येतं. मुद्दल न मोडता सेन्सरचा मोठा भाग त्यातून निघेल. साखर उतरायच्या आधी अलार्म वाजवणारा सेन्सर घ्या, हा खर्च मी या आठवड्यात करायला सांगेन. साखर घसरू लागली की इन्सुलिन आपोआप थांबवणारा पंप ही त्यापुढची पायरी. तोही तिच्या डॉक्टरांना विचारा.

दुसरं मत घ्यायला परळच्या केईएम रुग्णालयाची एंडोक्रिनॉलॉजी (डायबिटीस आणि हार्मोनच्या आजारांची) ओपीडी आहे. रांग मोठी असते, पण तिथे तुम्हाला पॅकेज विकायला कुणी बसलेलं नसतं.

तिच्या नावावर स्वतंत्र आरोग्य विमा आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ऑफिसचं कव्हर नोकरीबरोबर जातं. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिन्यांची असते, म्हणून ती नोकरीत असतानाच पॉलिसी सुरू करून घड्याळ चालू करा. फॉर्मवर डायबिटीस, साखर उतरल्याचे प्रसंग, सगळं खरं लिहा. प्रीमियम वाढेल, क्वचित नकारही येईल, मग दुसऱ्या कंपनीकडे अर्ज करा.

पीपीएफला हात लावू नका आणि घरावर कर्ज तर नकोच. सेन्सर लावल्यावर तीन महिन्यांचा रिपोर्ट, वरच्या तपासण्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मला पुन्हा लिहा. तेव्हाही साखर अशीच उतरत असेल आणि डॉक्टर स्वतः ट्रान्सप्लांट सुचवत असतील, तर कुठली ट्रायल, कुठलं रुग्णालय, पैसे कुठून, हे सगळं आपण बसून मांडू.