महोत्सवातला जुन्या कपड्यांचा स्टॉल: पाच हजार पाउंड घालावेत का?

ब्रिस्टलहून एका ताईंचं पत्र आलं आहे. नवरा विमानांच्या कंपनीत, स्किल्ड वर्कर व्हिसावर. त्या स्वतः शाळेत अर्धवेळ काम करतात, वर्षाला ११,८०० पाउंड मिळतात. मुलगी नऊ वर्षांची. शिल्लक ११,५०० पाउंड. वेल्समध्ये ऑगस्टात चार दिवसांचा संगीत महोत्सव भरतो, तिथे व्हिंटेज कपड्यांचा स्टॉल लावायचा त्यांचा विचार आहे. एकूण खर्च ४,७३० धरला आहे आणि तीनशे नग सरासरी २२ पाउंडांना विकून ६,६०० येतील असा हिशेब मांडला आहे. सोबत नाशिकहून जुन्या रेशमी साड्यांचे काफ्तान शिवून आणायचे, ही कल्पनाही आहे. "करू का?" एवढाच प्रश्न.

ताई, धंदा जरूर करा. पण पहिल्याच उन्हाळ्यात तो महोत्सव घेऊ नका आणि पाच हजार तर मुळीच घालू नका. का, ते सांगते.

आधी शिल्लक बघू. पुढच्या वर्षी तुमच्या व्हिसाचं नूतनीकरण आहे. कंपनी फक्त नवऱ्याचा खर्च देते, तुमचा आणि लेकीचा तुम्हाला करायचा आहे. व्हिसासोबत सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायचा आरोग्य अधिभार मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ आणि मुलाला ७७६ पाउंड आहे. तीन वर्षांचा एकदम भरायचा म्हणजे तुमचे ३,१०५ आणि तिचे २,३२८, मिळून ५,४३३. अर्जाची फी धरली की आकडा सात हजारांच्या पुढे जातो. हे पैसे तुमच्या खात्यात असले तरी खर्चायला मोकळे नाहीत. आजच वेगळ्या बचत खात्यात टाका. उरले चार हजार आणि काही. त्यात घरातलं अडीअडचणीचंही आलं. म्हणजे धंद्यात खरोखर घालता येतील असे पैसे फार तर दीड हजार.

आता स्टॉलचं गणित. पिचचं, म्हणजे स्टॉलच्या जागेचं, भाडं तुम्ही १,३०० लिहिलंय. पत्रासोबतच्या कागदावर त्या आकड्याच्या पुढे बारीक अक्षरात "अधिक व्हॅट" आहे. वीस टक्के, म्हणजे आणखी २६०. तुमची व्हॅट नोंदणी नाही आणि ९०,००० पाउंडांच्या उलाढालीपर्यंत ती सक्तीचीही नाही, त्यामुळे हे २६० परत मिळणार नाहीत. भाडं झालं १,५६०. पाच दिवसांची व्हॅन ४२०, डिझेल ९०, विमा ११०, मैत्रिणीचं खाणंपिणं १२०. ही झाली २,३०० ची रक्कम, एक नग विकला नाही तरी जाणारी. वर आगरोधक कापडाचा गझिबो (उघडा मांडव-तंबू), रेल, हँगर, आरसा, दिवे यांचे ८९० आणि मालाचे १,८००. एकूण ४,९९०.

एक नग तुम्हाला ६ ला पडतो आणि २२ ला जातो. कार्ड मशीनवाला पावणेदोन टक्क्यांच्या आसपास घेतो. हातात सुटतात साधारण १५ पाउंड ६० पेन्स. या भावाने २,३०० भरून काढायला १४८ नग लागतात. गझिबो वगैरेचे पैसेही याच खेपेत काढायचे तर २०५. आणि हे तेव्हा, जेव्हा सरासरी २२ टिकते. ती टिकत नाही. शेवटच्या दिवशी गाडीत माल परत भरायचा कंटाळा येतो, समोरचा घासाघीस करतो आणि तीसचं जॅकेट पंधराला जातं. सरासरी १८ वर आली तर नुसतं २,३०० काढायला जवळपास दोनशे नग विकावे लागतील. चार दिवसांत रोज पन्नास. नुसता बरोबरीला यायला!

तीनशेच्या तीनशे नग २२ च्या भावाने गेले, तरी सगळं वजा जाता तुमच्याकडे साधारण १,४९० उरतात. सगळा माल गेलेला स्टॉल मी अजून पाहिलेला नाही. राहिलेल्या मालातही तुमचं भांडवल अडकतं, शिवाय तो ठेवायला घरात जागा लागते.

हवामानाचं मी सविस्तर लिहिते, कारण इंग्लंड-वेल्समध्ये उघड्या शेतातल्या धंद्याचा मालक तोच असतो. पावसाने शेताचा राडा झाला की लोक तंबूत बसून राहतात किंवा फक्त रेनकोट आणि गमबूट शोधत फिरतात. ऊन पडलं की सैल शर्ट, टोप्या, चमकीची जॅकेटं जातात. आणि दिवस कितीही उन्हाचा असो, रात्री नऊनंतर गारठा पडतो. तेव्हा उघड्या दंडांनी आलेली पोरं जुने फ्लीस, डेनिम, जाड स्वेटर भाव न करता घेतात. म्हणून मालाचा तिसरा हिस्सा तरी उबदार हवा. तुमच्या यादीत बहुतेक उन्हाळी ड्रेस आहेत.

महोत्सव भरेलच याचीही खात्री धरू नका. वोमॅड आणि ग्लास्टनबरी हे इथले मोठे संगीत महोत्सव. वोमॅड २०२५ मध्ये भरला नाही. ग्लास्टनबरीने २०२६ हे शेताला विश्रांती द्यायचं वर्ष म्हणून आधीच जाहीर केलं. मोठ्यांचं हे, तर लहान आयोजक ऐनवेळी गुंडाळू शकतात, आणि आगाऊ भरलेलं भाडं मागायला तुम्ही घेणेकऱ्यांच्या रांगेत उभ्या राहाल. रद्द झाल्यास किती दिवसांत किती परत, हे करारात लिहिलेलं नसेल तर पैसे भरू नका.

साड्यांच्या कल्पनेवर मात्र माझा जीव जडला आहे. व्हिंटेज डेनिम त्या महोत्सवात कितीतरी जण लावतील, ते सगळे तुमच्यासारखेच किलोच्या भावाने माल उचलतात. बोहारणीकडून आलेली रेशमी साडी निवडायची नजर मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांकडे असेल. साडी आणि शिलाई मिळून काफ्तान ११ ला पडतो आणि ४५ ला जाईल, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे एक काफ्तान डेनिमच्या दोन जॅकेटांचं काम करतो. फक्त साडी निवडताना ती उजेडासमोर धरा आणि घडीवर दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणा. जुनं रेशीम पदरापेक्षा घडीवर आधी विरतं. तिथे बारीक चिरा दिसल्या तर कितीही सुंदर असली तरी ठेवून द्या. आणि ओल्या पांढऱ्या रुमालाने काठ चोळून रंग सुटतो का ते बघा, तिथे पाऊस आहे.

कायद्याच्या दोन गोष्टी इथेच. विकायला आणलेला माल बॅगेत असला तरी तो घरच्या सामानाच्या सवलतीत बसत नाही. ब्रिटनमध्ये उतरताना तो जाहीर करावा लागतो आणि त्यावर व्हॅट व लागू असेल ते शुल्क भरावं लागतं. ते ११ च्या हिशेबात धरा. आणि सासूबाईंच्या पेटीत शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी पैठणी असेल तर ती तिथेच राहू द्या. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ती पुरावस्तू ठरू शकते आणि कुणा खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही.

धंदा तुमच्याच नावावर ठेवा. स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला स्वतःचा धंदा करता येतो, खुद्द स्किल्ड वर्करला असा स्टॉल चालवता येत नाही. खातं, कार्ड मशीन, करार, सगळं तुमचं. नवऱ्याला गल्ल्यावर बसवू नका. त्यांच्या व्हिसावर तुमचंही अवलंबून आहे.

कराची फार चिंता नको. कर वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. विक्री १,००० पाउंडांच्या वर गेली की ते वर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत एचएमआरसीकडे, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याकडे, नोंदणी करायची. तुमचा पगार १२,५७० च्या करमुक्त मर्यादेच्या आत असल्याने नफ्यातले पहिले ७७० करमुक्त राहतील, त्यापुढच्या नफ्यावर २० टक्के. घरातले स्वतःचे जुने कपडे विकणं हा धंदा धरला जात नाही, विकण्यासाठी घेतलेले धरले जातात. व्हिंटेड किंवा ईबे अशा ऑनलाइन विक्रीच्या साइटवर वर्षात ३० व्यवहार झाले की ते तुमची माहिती एचएमआरसीला कळवतात, म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा.

तर या उन्हाळ्यात असं करा. गझिबो घेऊ नका, भाड्याने किंवा उसना मिळतो. मे ते जुलै ब्रिस्टलच्या आसपासचे कार बूट सेल (गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकायचे बाजार) आणि रविवारचे एक-दोन व्हिंटेज बाजार धरा, जिथे जागा थोडक्या पाउंडांत मिळते आणि माल तुमच्याच गाडीत मावतो. मालाला ६००, काफ्तान वीसच, बाकी रेल-हँगर आणि विमा. सगळं मिळून १,२०० च्या वर जाऊ नका. प्रत्येक विक्रीपुढे भाव, वेळ आणि गिऱ्हाइकाने आधी काय हातात घेतलं ते लिहा. भवानी किती वाजता होते, हेसुद्धा. काफ्तान ४५ ला खरंच जातो की ३० ला, हे तुम्हाला जूनअखेर कळेल.

सप्टेंबरात ती वही मला पाठवा. दिवसाला वीस नग सरासरी २० च्या वर गेलेले दिसले, तर पुढच्या वर्षीच्या एखाद्या दोन दिवसांच्या छोट्या महोत्सवाचा अर्ज आपण मिळून भरू. आयोजकाला विचारायचे प्रश्न मी लिहून ठेवते: भाडं व्हॅटसह किती, हप्ते मिळतील का, रद्द झाल्यास परतावा किती, आणि आमच्या रांगेत कपड्यांचे आणखी किती स्टॉल आहेत.