पाणी तपासायचंच, पण कुठलं?

प्रश्न : परवा आमच्या नेरुळच्या सोसायटीत फिल्टर विकणारा मुलगा आला होता. त्याने दोन दांड्यांचं एक यंत्र आमच्या नळाच्या पाण्यात बुडवलं, तर मिनिटभरात पेला तपकिरी झाला. त्याच्या आरओचं पाणी मात्र नितळच राहिलं. मीटरवर आमचा टीडीएस ८५ आला. गेल्या महिन्यात सी विंगमध्ये चार घरांत जुलाब झाले, त्यामुळे सगळेच घाबरलेत. आरओ घ्यावा का?
– एक गृहिणी, नेरुळ

उत्तर : ताई, तो पेला बघून कुणीही घाबरेल, त्यासाठीच तो दाखवतात. त्या दांड्यांत एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं. तुम्ही पाहिलात तो त्याच्या दांडीचा गंज. आरओच्या पाण्यात क्षार नावापुरतेच, म्हणून वीज वाहत नाही. मुलगा पुन्हा आला तर त्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि मग म्हणावं, दाब बटण. प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्या पोरांना मी हीच गंमत दाखवायचे.

टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. आपल्या आयएस १०५०० या मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगलं धरतात. तुमचं मोरब्याचं पाणी, पावसावर भरणाऱ्या धरणातलं, भोकरपाड्याला शुद्ध होऊन येणारं. त्यात क्षार कमीच असणार. ५०० च्या खाली आरओ लावूच देऊ नये, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली केंद्राला सांगितलं होतं, कारण घरगुती आरओ एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत सोडतो.

पण ८५ चा आकडा जंतूंबद्दल अवाक्षर काढत नाही, आणि तुमची खरी काळजी जंतूंचीच हवी. तुमच्या पत्रातली महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत : जुलाब एकट्या सी विंगमध्ये झाले. महापालिकेच्या लाइनीत किंवा जमिनीखालच्या टाकीत बिघाड असता तर ए आणि बी विंगही आजारी पडल्या असत्या. सी विंगला गच्चीवर वेगळी टाकी असेल, तर मी आधी तिथे चढेन. झाकण नीट बसतं का, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आहे का, कबुतरं कुठे बसतात, तळाला गाळ किती?

टाकी उघडून बघण्याआधी एक सोपी तपासणी करा. क्लोरीन बघायचं ओटीचं (ऑर्थोटोलिडिनचं) द्रावण मिळतं. पाण्यात थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. (तपासलेलं पाणी ओतून द्यायचं, प्यायचं नाही.) पाणी यायच्या वेळेला चार ठिकाणचं घ्या : पाण्याच्या मीटरपाशी, खालच्या टाकीतून, गच्चीवरच्या टाकीतून आणि तुमच्या स्वयंपाकघरातल्या नळाचं. मोकळा क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. मीटरपाशी आणि खालच्या टाकीत पिवळं, पण गच्चीवर बिनरंगी, तर चोर सापडला. मीटरपाशीच बिनरंगी असेल तर महापालिकेकडे तक्रार करा, वेळ आणि ठिकाण लिहून. जोडीला निर्जंतुक बाटलीत नमुना प्रयोगशाळेत द्या. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, एकही नको.

खालची टाकीही सोडू नका. ड्रेनेजचं चेंबर तिच्यापासून हाताच्या अंतरावर असलेल्या सोसायट्या मी कितीतरी पाहिल्या आहेत. टाकी रिकामी झाली की भिंतीच्या तड्यातून बाहेरचं पाणी आत झिरपतं. सेक्रेटरी म्हणतील, "दिवाळीआधी धुतली की!" धुतली कधी हे विचारू नका, धुतल्यावर तडे कुणी पाहिले ते विचारा.

निकाल येईपर्यंत पाणी खळखळून उकळा आणि झाकून ठेवा. उकळल्यावर क्लोरीन उरत नाही, तेव्हा उघड्या पातेल्यात हात घालून भांडं बुडवू नका. आरओचंही तेच : आतला कार्बन क्लोरीन काढून टाकतो आणि त्याच्या टाकीत साठलेल्या पाण्याला राखण उरत नाही.

प्रश्न : घोडबंदर रोडला आमची सोसायटी टँकरवर चालते. पाणी मचूळ लागतं, बादलीला पांढरा थर धरतो. आम्हालाही आरओ नको म्हणाल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. चव आणि थर बोअरवेलच्या जड पाण्याकडे बोट दाखवतात. टीडीएस ५०० च्या वर भरला तर पिण्यापुरता आरओ जरूर घ्या, अंघोळीला नको. मात्र प्रत्येक टँकर कुठून भरला ते वॉचमनच्या वहीत लिहायला लावा, आणि टाकीत पाइप सोडण्याआधी टँकरचं पाणी पेल्यात घेऊन त्यात ओटीचे थेंब टाकून बघा. रंग आला नाही तर टाकीत क्लोरीन घालूनच पाणी वर चढवा. पाइपचं तोंड जमिनीवर घासत आणलेलं असेल, तर आधी ते धुवायला सांगा. ड्रायव्हर कुरकुरेल, कुरकुरू दे.