अर्धा गड्डा, अर्धी पेंडी

सातारा, रविवार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा सांगलीला तुझ्या खोलीवर आले होते. चहासाठी दूध काढायला तू फ्रिज उघडलास आणि मला आतलं सगळं दिसलं. चिरलेली बाजू काळपट पडलेला अर्धा कोबी, पिशवीतच पाणी सुटलेली कोथिंबीर, आणि फ्लॉवर-बटाट्याने निम्मं भरलेलं पातेलं. ते किती दिवसांचं, हे मी विचारलं नाही. तू झटकन दार लावलंस. लाजण्यासारखं त्यात काही नाही, पण बोलण्यासारखं पुष्कळ आहे. परतीच्या एसटीत बसल्यापासून हे पत्र मनात चाललंय.

तू म्हणालास, "काकू, एक भाजी आणली तर ती चार दिवस संपत नाही, आणि चार आणल्या तर तीन सडतात." दोन्ही खरं आहे. मी १९८३ साली विट्याला शाळेत लागले तेव्हा एक खोली, एक वातीचा स्टोव्ह आणि दोन पातेली एवढाच माझा संसार होता. फ्रिज नव्हता. पहिले तीन महिने मी कांदा, बटाटा आणि पिठल्यावर काढले. तोंड येऊ लागलं, जेवायची इच्छाच गेली. शेजारच्या आजींनी एक दिवस वाटीभर चाकवत आणून दिला. तो खाल्ल्यावर कळलं की आपल्याला भूक नव्हती असं नाही, त्याच त्या जेवणाचा वीट आला होता.

आधी एक हिशेब सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने काढली. त्यात दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. म्हणजे पाव किलो गवारी एकट्या माणसाला मुळीच जास्त नाही. जास्त होते ती चार जेवणं लागोपाठ तीच गवारी. तुझी अडचण भाजी फार होण्याची नाही, ती सगळी एकदम शिजवून टाकण्याची आहे.

चार माणसांच्या घरात अर्धा किलो भाजी एका वेळी चढते आणि संपते. तिथे अर्धा कोबी उरतच नाही. तुझ्याकडे तो कायम उरणार. अर्धा कोबी, दुधीचा तुकडा, चार गाजरं, मूठभर पावटा. याला तू अडचण म्हणतोस. मला ते तुझं भांडवल वाटतं. भरल्या घरातल्या बाईला भोगीच्या दिवशी मुद्दाम दहा प्रकार थोडे थोडे विकत आणावे लागतात: वांगं, गाजर, पावटा, घेवडा, ओला हरभरा, वर तिळाचं कूट. आपल्याकडे त्या भाजीला लेकुरवाळी म्हणतात. ती करायची तयारी तुझ्या फ्रिजमध्ये आठवड्यातून दोनदा आपोआप होत असते. फक्त प्रत्येक गोष्टीचं अर्धं कच्चंच राहू द्यायला शिकायला हवं.

कोबीपासूनच सुरुवात कर. गड्डा लहानात लहान घेतला तरी अर्धा किलोच्या आसपास भरतो, आणि सुरीने मधोमध कापला की कापलेल्या तोंडाकडून तो खराब व्हायला लागतो. म्हणून कापूच नकोस. बाहेरून चार-पाच पानं सोडव आणि तेवढीच चीर. आतला गड्डा बंद राहतो आणि आठवडाभर सहज टिकतो. पहिल्या दिवशी बारीक चिरून मीठ, लिंबू, दाण्याचं कूट घाल आणि वर मोहरी-हिंगाची गरम फोडणी ओत, पचडी झाली. दोन दिवसांनी थोडा थालीपीठात मळ. आणखी दोन दिवसांनी भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून परत. तिन्ही वेळा कोबीच, पण तुला तोच कोबी पुन्हा खाल्ल्यासारखं वाटणार नाही.

दुधीचंही तसंच. लागेल तेवढाच तुकडा काप आणि तेवढ्याचंच साल काढ. साल टाकू नकोस. तीळ आणि हिरवी मिरची घालून परतलं की चटणी होते. दोडक्याच्या शिरांचीही करतात, तुझ्या आजीच्या हातची तू खाल्ली असशील. मात्र दुधी चिरताना एक कच्ची चकती जिभेला लावून बघ. कडू लागला तर सगळा टाकून दे. तो कडूपणा शिजवून जात नाही आणि पोटाला फार वाईट असतो. पैसे गेले म्हणून हळहळू नकोस.

आता पालेभाजी. तू म्हणालास की मेथीची पेंडी एकट्याने आणायचीच नाही. मला हे ऐकून वाईट वाटलं, कारण कार्तिक लागला की आपल्या भागात मंडईत पाय ठेवायला जागा नसते इतका पाला येतो. मेथी, शेपू, चाकवत, तांदळी, आंबट चुका, कांद्याची पात, आणि थंडी वाढली की हरभऱ्याचा पाला. हे चार महिने सोडून द्यायचे आणि वर्षभर फ्लॉवर खायचा? पेंडी आणलीस की धुऊ नकोस. मुळं कापून टाक, पिवळी-सडकी पानं काढ, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळ आणि डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेव. तीन-चार दिवस काही होत नाही. पिकलेले टोमॅटो नि केळी तिच्याजवळ ठेवू नकोस. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने पाला लवकर पिवळा पडतो.

त्या पेंडीचे कोवळे शेंडे पहिल्याच दिवशी कच्चे खा. बारीक चिरलेली मेथी, कांदा, जाडसर कूट, मीठ, थोडं कच्चं तेल, की घोळाणा तयार. गरम भाकरीबरोबर त्याला दुसरं काही लागत नाही. दुसऱ्या दिवशी मूठभर मेथी तूरडाळीच्या आमटीत. तिसऱ्या दिवशी उरलेला सगळा पाला, सोबत चुका किंवा पालक असेल तर तोही, थोड्या डाळीबरोबर शिजवून घोट आणि लसणाची फोडणी दे. हे गरगटं. पाला थोडा मलूल झाला असला तरी त्यात चालून जातो. त्या एका वाटीत तीन अर्ध्या पेंड्या संपतात.

आणि पेंडी खरंच मोठी असेल तर अर्धी शेजारच्या खोलीतल्या मुलाला दे. आपल्याकडे शेतातलं पहिलं माळवं निघालं की चार घरी वानवळा जातो. तू शेत विकत घेतलं नाहीस, पण पेंडी घेतली आहेस. आज तू मेथी दिलीस तर उद्या तो अर्धा भोपळा देईल. विट्याच्या त्या आजींचं आणि माझं असंच चालायचं. माझ्या घरात आलेल्या निम्म्या भाज्या मी विकत घेतलेल्याच नव्हत्या.

आता जे सांगते ते तुला थोडं लागेल. तू परवा वाढलेली ढबू मिरची आणि त्याआधी दिवाळीत इथे येऊन केलेला दोडका, दोन्ही मी डोळे मिटून खाल्ले असते तर मला फरक सांगता आला नसता. कारण दोन्हींत तीच कांदा-लसणाची चटणी, तीही दोन चमचे, आणि तेच कूट. आईने वर्षाची चटणी करून डबा भरून दिला आहे, तिच्या हाताला चव आहे, मला सगळं मान्य. पण प्रत्येक भाजीत ती घातलीस तर तू रोज चटणीच खातोस. भाजी फक्त बदलत राहते. वैविध्य नाही अशी तक्रार असलेल्या दहा घरांत मला हीच गोष्ट दिसली आहे, आणि उपाय बाजारात नसतो, मिसळणाच्या डब्यात असतो.

ती चटणी वांग्याला, पावट्याला, मटकीला ठेव. तिथे ती राज्य करू दे. कोबीला मोहरी, हिंग, हळद आणि हिरवी मिरची पुरे. दुधीला जिरं, आणि शेवटी दोन चमचे दूध. लाल भोपळ्याला मेथीदाण्याची फोडणी, गूळ आणि चिंच. चाकवताला ताक, थोडं बेसन, शेंगदाणे आणि भरपूर लसूण. दोडक्यात मूगडाळ घाल आणि मसाला काहीच नको. ज्या सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गावात तू राहतोस. एकदा नुसत्या हळद-हिंगाची भाजी करून बघ, हळदीला स्वतःची चव असते हे कळेल.

तुझ्या कामाच्या वेळांचं मला माहीत आहे. कुपवाडहून सात वाजता येऊन रोज नवं काही रांधणं होत नाही. म्हणून भाजी वाफवून ठेव आणि फोडणी जेवताना दे. कुकरमध्ये खाली भात लावतोस, वरच्या डब्यात गवारी किंवा घेवडा, गाजर, फ्लॉवरचे तुरे काहीही ठेव, पाणी न घालता. फार मऊ होईल असं वाटलं तर तुकडे मोठे ठेव. त्यातली निम्मी आज कूट आणि गूळ घालून परत. निम्मी उद्या दह्यात कालव आणि कढल्यात चमचाभर तेलाची फोडणी करून वर घाल. सगळी भाजी मसाल्यासकट शिजवून ठेवलीस तर उद्याही तीच खावी लागते. नुसती वाफवलेली भाजी उद्या काय व्हायचं ते उद्याच ठरवते.

कढई मात्र लहान घे. मोठ्या कढईत एका माणसाची भाजी पसरते, करपू नये म्हणून तू तेल वाढवतोस आणि भाजी तेलकट होते. मंडईजवळ भांड्यांच्या दुकानात वीतभर रुंदीची लोखंडी कढई मिळेल.

बाजार आठवड्यातून दोनदा कर. एका खेपेला एक पाला, एक शेंग किंवा फळभाजी, एक कंद, एवढंच. पाला आधी संपव, मग भेंडी-गवारी, आणि कोबी, गाजर, भोपळा शेवटी. मुळा घेतलास तर पाल्यासकट घे. पाल्याची मूगडाळ घालून भाजी होते, मुळ्याची दह्यातली कोशिंबीर; एका पैशात दोन. नवलकोल आणि बीटची पानंही तशीच वापरता येतात, आणि फ्लॉवरचे कोवळे दांडे आमटीत फार छान लागतात. तू ते सगळं भाजीवालीकडेच मोडून टाकून येतोस, हे मी स्वतः पाहिलंय.

वांग्यांबद्दल मला राहवत नाही. माझं माहेर कृष्णाकाठचं. मळीच्या जमिनीतली ती फिकट हिरवी वांगी तुझ्या मंडईत पाटीत येतात आणि तू सुपरमार्केटमधली काळी चकचकीत उचलतोस. एकट्यासाठी कृष्णाकाठची चार लहान वांगी घे. दोन भर, दोन जाळीवर भाजून भरीत कर. त्यात कांद्याची पात आणि दही घाल. वांगी फ्रिजमध्ये दिवसेंदिवस ठेवू नकोस, गारठ्याने त्यांच्यावर खड्डे पडतात आणि बिया काळ्या होतात. दोन दिवस टोपलीत बाहेर राहतील, तेवढ्यात खाऊन टाक.

पुढच्या शनिवारी आमच्या शेजारचा मुलगा मिरजेला येतोय. त्याच्याबरोबर किलोभर कोरेगावचा वाघ्या घेवडा, म्हणजे राजम्यासारखं वाळकं कडधान्य, आणि कारळाच्या चटणीची बरणी पाठवते. घेवडा मूठभरच घे, रात्री भिजत घाल, सकाळी ते पाणी टाकून नव्या पाण्यात कुकरला अगदी मऊ होईपर्यंत शिजव. कच्चट राहिला तर पोट बिघडतं. ज्या दिवशी फ्रिजमध्ये दोन गाजरं, एक वांगं आणि भोपळ्याची फोड एवढंच उरलं असेल, त्या दिवशी ते सगळं या घेवड्यात घाल आणि बाजरीची भाकरी कर. भाकरी मोडते म्हणालास ना? पीठ जुनं असेल. आठवड्यापुरतंच दळून आण, आणि कोमट पाण्यात चांगलं मळ.

बरणी परत पाठव, रिकामी नको.

तुझी,
काकू