लेझरने दातांची झीज थांबेल?

प्रश्न : आंबट पेयांच्या सवयीने माझे दात झिजलेत, गार पाणी लागलं की कळ येते. लेझर करून घेऊ का?

उत्तर : गेलेलं एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, लेझरने परत येत नाही, हे आधीच सांगते. कार्बन डायऑक्साइड लेझरची ऊर्जा एनॅमलचा वरचा थर शोषून घेतो. त्या उष्णतेने त्यातलं कार्बोनेट कमी होतं आणि उरलेलं खनिज आम्लात तितक्या सहज विरघळत नाही. जोडीला फ्लोराइड असेल तर बरंच. पण यातलं बरंचसं काम प्रयोगशाळेतलं आहे, आणि ऊर्जा जास्त झाली तर एनॅमलला तडे जातात. माझ्या खुर्चीत बसलात तर मी आधी फ्लोराइड वार्निशच, म्हणजे दातांवरचा फ्लोराइडचा लेपच, लावीन. आंबट प्यायल्यावर लगेच ब्रश नको, चूळ भरा. रात्री दात खात असाल तर मात्र नाइटगार्डच, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कवचच, हवं.