बँड आला का?

प्रश्न : मुलगी जैवतंत्रज्ञानात एमएस्सी करते. चार महिने झाले, तिच्या वेस्टर्न ब्लॉटवर (नमुन्यातलं एखादं प्रथिन शोधायची चाचणी) एकाऐवजी तीन बँड, म्हणजे पट्टे, येताहेत. मी रोज फोन करून चौकशी करतो. 'नको ते दोन बँड फोटोतून काप आणि प्रबंध देऊन टाक' म्हटलं, तर दोन दिवस बोलली नाही. तिला संशोधन जमत नाही असं दिसतं. एमबीएला घालावं का?

उत्तर : तुमच्या पत्रातल्या तीन बँडची मला काळजी वाटली नाही, कात्रीची वाटली. किती सहज लिहून गेलात! जे दिसलं ते लपवायचं, याला संशोधनात फसवणूक म्हणतात. असल्या चित्रांपायी छापून आलेले शोधनिबंध मागे घ्यावे लागलेत. प्रयोग नीट करूनही उत्तर 'नाही' येतं. पण घरून रोज संध्याकाळी 'बँड आला का?' असा फोन येत असेल, तर रोज 'नाही' सांगून थकलेलं माणूस एखाद्या दिवशी 'हो' म्हणून मोकळं होतं. तुमची मुलगी अजून तसं म्हणालेली नाही. तिचा अबोला मला तरी पटला.

'अँटिबॉडी चांगली महागाची आहे, बाटलीवर प्रथिनाचं नाव आहे, म्हणजे चुकतेय ती मुलगीच,' असंही तुम्ही लिहिलंय. अहो, अँटिबॉडी म्हणजे प्रथिनाला चिकटून त्याचा बँड दाखवणारा रेणू; पण ती अख्खं प्रथिन ओळखतच नाही. त्याचा एक छोटासा भाग ओळखते, आणि तसाच भाग दुसऱ्या प्रथिनात सापडला तर तिथेही जाऊन चिकटते. कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये मोनोक्लोनल, म्हणजे सगळ्या एकसारख्या, अँटिबॉडी बनवण्याची रीत शोधली, १९८४ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं; पण मोनोक्लोनल असली तरी ही खोड सुटत नाही. उलटंही होतं. प्रथिन तुटलं, किंवा पेशीने त्यावर फॉस्फेट चढवलं, की एकाच प्रथिनाचे दोन-तीन बँड दिसू शकतात. बँडच्या जागेवरून प्रथिनाच्या वजनाचा अंदाज येतो, पण त्यावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. पी५३ या प्रथिनाला ते नाव मिळालं ते ५३ किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) जागी दिसतं म्हणून. खरं वजन भरतं ४४च्या आसपास! मग तीनांतला खरा कोणता? ज्या पेशींतून त्या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलंय, त्या नॉकआउट पेशींचा नमुना त्याच ब्लॉटवर शेजारच्या लेनमध्ये, म्हणजे रांगेत, चालवायचा. तिथे जो बँड नाहीसा होतो तो आपला, जो तसाच राहतो तो उपरा. फोन करायचाच असेल तर असा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, मिळतोय का, हे विचारा.

पीएचडीसाठी नेट, गेट आहेतच. निदानाचे किट बनवणाऱ्या कंपन्यांतही बँडवर शंका घेणारी माणसं लागतात, तेव्हा हे चार महिने फुकट गेलेले नाहीत. एमबीए वाईट नाही. तिला करायचं असेल तर जरूर करू दे. पण एमएस्सी करणाऱ्या मुलीला कुठे 'घालत' नाहीत हो. पुढचं पत्र, लिहावंसं वाटलं तर, तिला लिहू द्या.