सासूबाई सासऱ्यांना तोतया म्हणतात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सासूबाई दोन महिन्यांपासून सासऱ्यांकडे बोट दाखवून ‘हे आमचे हे नव्हेत, कुणी तोतया आहे’ म्हणतात, त्यांच्या हातचं पाणीही पीत नाहीत, आणि पेडण्याचे नातेवाईक देवाला कौल लावा म्हणतात. डिचोलीला आमच्या घरी चार वर्षांपूर्वी हेच घडलं. बाबा आईलाच विचारायचे, ‘बाई, आमच्या मंडळींना कुठे ठेवलंत?’ आई चुलीपाशी जाऊन रडायची.

याला कॅपग्रास भ्रम म्हणतात. १९२३ साली कॅपग्रास या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने सहकाऱ्याबरोबर त्याचं वर्णन केलं. त्यांच्या रुग्ण बाईंना नवरा आणि मुलं बदलून टाकलीत असं वाटे. याचाच भाऊबंद फ्रेगोली भ्रम: एकच माणूस बहुरूप्यासारखा सोंगं बदलून कधी पोस्टमन, कधी शेजारी होऊन पाठलाग करतोय असं वाटतं.

चेहरा ओळखणं आणि तो पाहून आपलेपणा दाटून येणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. बाबांना आईचं कुंकू, चालणं, सगळं ओळखू यायचं. आतून ऊब मात्र उमटत नसे. ओळखीचा चेहरा पाहून आपल्या त्वचेवर घामाची बारीक प्रतिक्रिया उठते. अशा रुग्णांत ती जवळच्यांसाठीही परक्यांइतकीच क्षीण आढळली आहे. त्यात ‘हे कसं शक्य आहे’ असं तपासणारी विवेकाची यंत्रणाही कमकुवत झालेली असते, म्हणून पुरावे दाखवून पटत नाही. वाद घालू नका, होकारही देऊ नका. ‘तुम्हाला भीती वाटतेय ना, मी इथेच आहे’ एवढं पुरे.

मुळाशी स्किझोफ्रेनिया असू शकतो. उतारवयात अल्झायमर, पार्किन्सन, लुई बॉडी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार), पक्षाघात किंवा डोक्याला मार. अचानक सुरू झालं असेल तर लघवीचा संसर्ग, सोडियम, थायरॉइड, बी-१२ आधी तपासा. उपचार मुळावर होतो, जोडीला भ्रमावरची औषधं. इथे फार जपा. सासूबाईंना नसलेली मुलं, जनावरं दिसतात का, चाल मंदावली का, झोपेत ओरडतात का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ही लुई बॉडीची लक्षणं असू शकतात, आणि त्यात हॅलोपेरिडॉलसारखी भ्रमावरची औषधं जिवावर बेतू शकतात. बाबांना एका डॉक्टरांनी असंच औषध दिलं, आणि तीन दिवसांत ते लाकडासारखे ताठ झाले. पुढे गोव्यातल्याच बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत लुई बॉडीचं निदान झालं, रिव्हास्टिग्मिन हे डिमेन्शियावरचं औषध सुरू झालं.

कौल लावायचा तर लावा, पण बांबोळी त्यासाठी लांबवू नका. तोपर्यंत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक आहे. कोयता, सुऱ्या हाताशी ठेवू नका. ज्याच्यावर संशय, त्याच्यावर कधी कधी हात उठतो.

आणि आवाज वापरून पाहा. काही रुग्णांचा भ्रम चेहऱ्यापुरता असतो, फोनवर ते माणूस लगेच ओळखतात. आमची आई आता आधी ओसरीवरून हाक मारते, बाबांनी ‘आलीस?’ म्हटलं की मगच आत जाते.