नाशिकचं शुद्ध केलेलं सांडपाणी द्राक्षबागेला चालेल का?

चालेल, पण सरसकट नाही. इस्रायल आपल्या सांडपाण्यापैकी जवळपास ९० टक्के पुन्हा वापरतो, बहुतेक शेतीलाच. तेल अवीवकडचं पाणी प्रक्रियेनंतर वाळूच्या थरांतून जमिनीत मुरवतात, मग उपसून दक्षिणेकडच्या नेगेव वाळवंटातल्या शेतांना देतात. तो वाळूचा टप्पा फार मोलाचा आहे.

आपल्याकडे तपोवनसारख्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत घाण कमी होते, क्षार मात्र तसेच राहतात. द्राक्षाला क्लोराईड सोसत नाही. पानाच्या कडा आधी पिवळ्या, मग करपलेल्या दिसतात. म्हणून आधी पाण्याचा ईसी (विरघळलेल्या एकूण क्षारांचं माप), क्लोराईड आणि सोडियम तपासून घ्या. ठिबकला सँड फिल्टर हवाच, नाहीतर ड्रिपरच्या तोंडाशी बोटाला लागेल असा बुळबुळीत थर धरतो. घडावर पाणी उडू देऊ नका.

माझ्या मते या पाण्यावर पहिला हक्क वीजकेंद्राचा. २०१६ च्या वीजदर धोरणात सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना हेच पाणी वापरायला सांगितलंय. एकलहरेचं औष्णिक वीजकेंद्र तर शहराला लागूनच. तिथे हे पाणी गेलं की गोदावरीचं तेवढं गोडं पाणी बागांना उरतं.